बेरेंदोच्या विहिरीवरचं वैर

सदर महिला कर्मचारी नामे डेल्फिना प्रोवेन्सियो, राहणार बेरेंदो, राज्य न्यू मेक्सिको. वर्ण गव्हाळ, बांधा मध्यम, ओळखीची खूण डाव्या भुवईवर शेळीच्या शिंगाचा जुना व्रण. हुद्दा शास्त्रज्ञ वर्ग दोन, हवामान, भूजल व रॉकेट-चाचणी पूरक सेवा. भाषा : घरी स्पॅनिश, कचेरीत इंग्रजी, स्वतःशी बोलताना अनिश्चित. वर्तणूक समाधानकारक. कामाच्या वेळेत खिडकीबाहेर पाहत बसण्याची सवय आढळून आली आहे. तथापि खिडकीबाहेर पाहणे हा सदर पदाच्या कर्तव्यांचाच भाग असल्याने कारवाई प्रस्तावित नाही.

ही नोंद करणाऱ्या साहेबाने आयुष्यात एकच विनोद केला असेल तर तो हा, आणि तोही नकळत. कारण डेल्फिनाला पाहत बसण्याचाच पगार मिळत होता. त्याआधीही ती पाहतच बसायची, फक्त बिनपगारी.

बेरेंदो हे गाव पांढऱ्या वाळूच्या कडेला आहे. ही वाळू चिरोडीच्या दगडाची, पिठासारखी, भर उन्हातही पायाला गार लागणारी. आणि ती चालते. वाऱ्याबरोबर तिच्या टेकड्या दरवर्षी थोड्या पुढे सरकतात. गावातली माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या आहेत तिथेच, त्यामुळे गावापेक्षा वाळूनेच जास्त जग पाहिलं आहे, असं म्हणायला हरकत नाही. गावाच्या मधोमध विहीर. पाच-सहा वर्षांची असताना डेल्फिना त्या विहिरीच्या कठड्यावर पालथी पडून आत बघत राहायची. खाली, खूप खाली, रुपयाएवढं आकाश पडलेलं असे. त्यातून कधी एखादा ढग जाई, कधी घार. तिची अशी पक्की समजूत होती की आकाशं दोन आहेत, एक वरचं आणि एक विहिरीतलं, आणि त्यातलं विहिरीतलं आपल्याला जवळ पडतं.

डोंगरापलीकडे रॉकेटचं चाचणी मैदान होतं. शाळा चालू असताना मधूनच खिडक्यांची तावदानं थरथरत आणि डोंगरामागून एक पांढरी रेघ सरळ वर चढत जाई. बाई फळ्यावरचा हात तसाच ठेवून उभ्या राहत. पोरं ओरडत, रॉकेट कुठे चाललं, चंद्रावर की त्याच्याही पुढे. डेल्फिनाचं लक्ष रॉकेटकडे नसेच. ते गेल्यावर मागे उरलेली रेघ हळूहळू वाकडी होई, विस्कटे, पिंजलेल्या लोकरीसारखी पसरत कुठेतरी निघून जाई. ती कुठे जाते, हे तिला हवं असायचं.

"बाबा, रॉकेटचा धूर शेवटी कुठे जातो?" तिने एकदा जेवताना विचारलं.

"तुझ्या आईने धुतलेल्या कपड्यांवर," बाप म्हणाला, आणि मिरचीच्या कालवणात पोळीचा तुकडा बुडवला.

पुढे ती नदीकाठच्या शहरात रसायनशास्त्र शिकली, त्या बॅचमध्ये ती एकटीच मुलगी, आणि शिकून डोंगरापलीकडच्या त्याच मैदानावर कामाला लागली. काम असं की प्रत्येक चाचणीच्या सकाळी हवेत एक मोठा पांढरा फुगा सोडायचा, तो कुठे वाहत जातो ते दुर्बिणीतून पाहायचं, आणि वरच्या वाऱ्याचा अंदाज बांधून सांगायचं की आज धूर कोणाच्या अंगणात जाईल. वारा बेरेंदोकडे असला तर चाचणी पुढे ढकलली जाई. फुगा हातातून सुटला की तिचेही पाय जमिनीपासून थोडे सुटल्यासारखे वाटत. तो लहान होत होत टिंब होई, मग टिंबही राहत नसे. तरी ती बघत राही.

गावाला या कामाचं फार कौतुक नव्हतं. चानो नावाचा एक मनुष्य होता. त्याच्या चार शेळ्या आणि चाळीस मतं होती. तो रस्त्यात गाठून म्हणाला, "काय गं, एवढं शिकलीस नि फुगे विकतेस म्हणे?"

"विकत नाही, चानो. सोडते."

"म्हणजे धंदाही बुडीत."

अवकाशात जाण्यासाठीही तिने एकदा अर्ज केला होता. डोळ्यांच्या तपासणीत ती नापास झाली. ज्या डोळ्यांनी नाहीसा झालेला फुगासुद्धा दिसत होता, ते डोळे सरकारला कमजोर वाटले. मग नवे कायदे आले, जमिनीखालच्या पाण्याची काळजी घ्यावी असं राजधानीत ठरलं, आणि ही काळजी कोणी घ्यायची अशी शोधाशोध होऊन डेल्फिनाचं नाव पुढे आलं. वर जायचं म्हणून नोकरी धरलेल्या बाईला खात्याने खाली पाठवलं.

मैदानावर ठिकठिकाणी हाताच्या मनगटाएवढ्या रुंदीच्या, पण फार खोल अशा विहिरी पाडल्या होत्या. त्यात दोरीने बाटली सोडायची, खालचं पाणी वर काढायचं आणि प्रयोगशाळेत तपासायचं. तिला हे काम आवडू लागलं, याचं तिलाच नवल वाटलं. पायाखाली, मुरमाच्या नि मातीच्या दाण्यांमधून, पाणी चाललेलं असतं. म्हातारी घरून चर्चला निघते तसं, वाटेत दहा ठिकाणी थांबत. कचेरीतल्या नकाशावर पेन्सिल फिरवताना तिला ते दिसायचं. डोळे मिटले की ती त्या पाण्याबरोबर चालू लागायची, अंधारात, न घसरता, न बुडता, वर कुठेतरी वाळूच्या टेकड्या तितक्याच सावकाश चालत असायच्या.

त्या पाण्यात तिला ते सापडलं.

रॉकेटच्या इंजिनांचे भाग एका द्रावाने धूत. वास किंचित गोडसर, पाण्यासारखाच दिसणारा, आणि धुऊन झालं की उरलेला द्राव मागच्या खड्ड्यात ओतून देत. तो उन्हाने उडून जातो असं सगळे धरून चालले होते. वर्षानुवर्षं चांगली शिकलेली माणसं असं धरून चालली होती. तो उडाला नव्हता. त्यानेही खालचीच वाट धरली होती. डेल्फिनाने एकेका विहिरीतला आकडा नकाशावर मांडला, समान आकडे रेघांनी जोडले, आणि कागदावर एक ढग उमटला. लांबुळका, एका टोकाला निमुळता, वाऱ्याने ओढल्यासारखा. ढग पाहण्यात तिचा जन्म गेला होता. त्याचं निमुळतं टोक बेरेंदोकडे होतं.

ईस्टरच्या आधीचे, लेंटचे उपास चालू असताना एका रविवारी तिने आईच्या स्वयंपाकघरातल्या माठातलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं. ते विहिरीचं होतं. आठवड्याने निकाल आला. त्यातही होतं, थोडं, पण ज्याला थोडं म्हणून सोडून देता येईल एवढं थोडं नव्हतं.

तिचे वरिष्ठ व्हिटलो म्हणजे काही राक्षस नव्हे. टेबलावर निवडुंगाची छोटी कुंडी ठेवणारा, तिला चमच्याने पाणी घालणारा, थकलेला माणूस. त्याने कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "पडताळणी करावी लागेल."

"करा. पण तोवर गावाला सांगू या."

"डेल्फिना, पडताळणी होण्याआधी सांगितलं तर ती अफवा. नंतर सांगितलं तर ती माहिती. आपण माहिती देतो."

"आणि मधल्या काळात ते काय पितील?"

व्हिटलोने खिडकीकडे पाहिलं. "बाटल्या दुसऱ्या राज्यात जातील. तिथून समितीकडे. समिती बसली की..." त्याने वाक्य पुरं केलं नाही, कारण समिती कधी बसते हे त्यालाही माहीत नव्हतं. मग त्याने तिच्याकडून एका हमीवर सही घेतली. पडताळणी होईपर्यंत सदर निष्कर्ष तोंडी वा लेखी कोणत्याही बाहेरील व्यक्तीस कळवणार नाही, कळवल्यास सेवा समाप्त. सही करताना डेल्फिनाला वाटलं, नोकरी गेली तर पुढच्या बाटल्या कोण भरणार? हा विचार खराच होता. पण खऱ्या विचारामागेही भीती लपू शकते, हेही तिला कळत होतं.

त्या दिवसापासून ती शहरातून पाण्याचे मोठे बुधले आणून आईला देऊ लागली.

"हे कशाला?" आई, तोमासा, म्हणाली.

"याची कॉफी चांगली होते."

"चाळीस वर्षं मी विहिरीच्या पाण्याची करत्येय, तेव्हा कोणाची तक्रार नव्हती. तुझा बाप तर कॉफीसाठीच संध्याकाळी घरी यायचा." तरी ती बुधल्यातलं पाणी वापरू लागली. मुलगी रॉकेटवाल्यांत राहून जरा विचित्र झाली आहे, हे तिने शेजारणींना सांगून टाकलं होतं.

आईची सोय झाली. गावाचं काय? आणि लिब्रादोचं?

लिब्रादो कारेहो हा गावचा मायोर्दोमो, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पाटकरी. डोंगरातल्या झऱ्यापासून शेतापर्यंत येणारा पाट त्याच्या ताब्यात, कोणाला कोणत्या वारी पाणी मिळायचं हे तो ठरवणार, आणि पिण्याची विहीरही त्याच्याच देखरेखीखाली. शिवाय तो डेल्फिनाचा पाद्रिनो होता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच तिला हातांवर धरलं होतं, आणि तिच्या कपाळावर ओतलेलं पाणी त्याच विहिरीचं होतं. बाप गेल्यानंतर तिच्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी तिला शहरात सोडायला तोच आला होता. सगळ्या वाटेत तो एक शब्द बोलला नाही आणि परतताना म्हणाला, "मिहा, तिथली माणसं काहीही म्हणोत, तू जेवत जा." मिहा म्हणजे माझी पोर.

दर सकाळी कठड्याला टेकून, लोटाभर पाणी तो सावकाश प्यायचा. डेल्फिना गाडीतून कामाला जाताना त्याला पाहायची. तो लोटा उंचावून तिला निरोप द्यायचा.

मे महिन्याच्या मध्यावर सान इसिद्रोचा सण येतो. हा शेतकऱ्यांचा संत. तो प्रार्थनेत गढलेला असे आणि त्याचा नांगर देवदूत धरत. बेरेंदोतल्या पुरुषांना हा संत इतका प्रिय का, हे वेगळं सांगायला नको. त्या दिवशी त्याची लाकडी मूर्ती खांद्यावर घेऊन शेतांतून फिरवतात आणि शेवटी विहिरीवर आणतात. मग मायोर्दोमो पहिलं पाणी काढतो आणि वाळक्या भोपळ्याच्या ओगराळ्याने घराघरातल्या एकेकाला त्याचा वाटा देतो. ओगराळं सगळ्यांकडून फिरून परत विहिरीवर येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. पाणी चाललेलं असताना बोललं तर ते गढूळ होतं, असं मानतात. आणि हातात आलेलं ओगराळं कोणी नाकारत नाही.

हमीपत्रात 'तोंडी वा लेखी' असं होतं. ओगराळ्याबद्दल त्यात काही नव्हतं. ही पळवाट डेल्फिनाला मिरवणुकीत चालताना सुचली, आणि सुचताच तिला इतकं हलकं वाटलं की आपण चालतोय की तरंगतोय हे कळेना. दुपारचं ऊन होतं. पांढऱ्या वाळूवरून हवा थरथरत वर चढत होती, तिच्यात पुढची माणसं कमरेपासून खाली विरघळल्यासारखी दिसत होती, आणि त्यांच्यावर लाकडाचा छोटा संत, त्याचे दोन बैल नि देवदूत, सगळे हवेतच चालले होते. बायका गात होत्या. गाणं पुढून मागे, मागून पुढे वाऱ्यासारखं फिरत होतं.

प्रोवेन्सियोंच्या घरचा वाटा आता डेल्फिना घेत असे. लिब्रादोने ओगराळं भरून तिच्या हातात दिलं. पाणी स्वच्छ होतं. त्यात वरचं आकाश पडलं होतं, काठोकाठ. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ओगराळं तिरपं केलं आणि सगळं पाणी सावकाश, सगळ्यांना दिसेल असं, मातीत ओतलं.

कोणी बोललं नाही, कारण बोलायचं नव्हतं. पण जमावाचा श्वास थांबला तो ऐकू आला. लिब्रादोचा चेहरा मिरची भाजताना होतो तसा झाला. त्याने तिच्या हातून ओगराळं घेतलं, भरलं, आणि पुढच्या माणसाला दिलं. पुढचा माणूस प्याला. त्याच्या पुढचा प्याला. सगळे प्याले.

तेव्हा कुठे डेल्फिनाच्या लक्षात आलं की आपण काय केलं. इतकी वर्षं ढग आणि भूजल वाचता वाचता ती स्वतःच्या गावाची भाषा विसरली होती. बेरेंदोत वाट्याचं पाणी ओतण्याचा अर्थ एकच. मायोर्दोमोने आमच्या घरावर अन्याय केला आहे. आजपासून त्याच्या घराशी आमचं वैर. तिच्या आजोबांच्या काळात एका घराने असं पाणी ओतलं होतं, आणि त्या घराची माणसं शेवटी गाव सोडून गेली होती. पाणी वाईट असू शकतं, ही कल्पना त्या अर्थाच्या आसपासही नव्हती. वाईट असतात ती माणसं; पाणी बिचारं काय करणार?

ओगराळं विहिरीवर परत आलं आणि सगळं गाव एकदम बोलू लागलं.

"गुरुवारची पाळी!" चानो ओरडला. "हिचा बाप क्रेसेन्सियो वारल्यावर यांची गुरुवारची पाळी काढून शनिवारी दिली ना, त्याचं आहे हे!"

"मग बरोबरच आहे तिचं," कोणीतरी म्हणालं.

"बरोबर काय? शनिवारचं पाणी काय ओलं नसतं?"

"शनिवारी पाटाच्या वरच्या अंगाचे लोक चोरतात ते. निम्मंच येतं."

"वरचे म्हणजे कोण? नाव घे ना! घे!"

डेल्फिना काही सांगायला गेली तर कोणी ऐकून घेईना. सगळ्यांना तिचं म्हणणं तिच्याहून चांगलं ठाऊक झालं होतं. आईने तिचा दंड धरून तिला घरी नेलं.

"लाज आणलीस," तोमासा म्हणाली. "शनिवार हवा नव्हता तर मला सांगायचंस. मी कोमपाद्रेशी बोलले असते." आपल्या लेकीला ज्याने बाप्तिस्म्याला धरलं त्याला ती कोमपाद्रे म्हणत असे, आणि तो तिला कोमाद्रे.

"आई, शनिवारचं नाही गं ते."

"मग कशाचं?"

डेल्फिनाला हमीपत्रातले शब्द आठवले. तोंडी वा लेखी.

ऊन कलल्यावर लिब्रादो आला. अंगात सणाचा काळा कोट, हातात मातीचा लोटा. दारातच त्याने टोपी काढली. बेरेंदोत वैर जोडायची रीत आहे तशी ते सोडवायचीही आहे, फक्त ती क्वचित वापरली जाते, कारण तिला मान खाली घालावी लागते. ज्याच्यावर वैर जाहीर झालं त्याने दुसऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या टेबलाशी बसायचं आणि त्याने मातीत ओतला तो वाटा पुन्हा भरून आणून स्वतः पिऊन टाकायचा.

"कोमाद्रे," तो आईला म्हणाला, "मी बसू का?"

"बसा की. हे काय विचारणं झालं?" आईने घाईघाईने खुर्ची पुसली. "पोरगी वेडी आहे. फुग्यांच्या नादात डोकंही हवेत गेलंय."

"वेडी नाही. तिचं खरं आहे. क्रेसेन्सियोची पाळी मी बदलायला नको होती. त्या वर्षी पाणी कमी होतं, वरच्यांनी ओरडा केला, विधवेच्या घरातून कोण भांडायला येणार असं मला वाटलं." तो डेल्फिनाकडे बघत नव्हता, टेबलाकडे बघत होता. "मिहा, गुरुवार तुमचा. पुढच्या आठवड्यापासून. आणि हा तुझा वाटा."

त्याने लोटा उचलला.

डेल्फिनाला त्या क्षणी सगळं फार सावकाश चाललेलं दिसलं, जमिनीखालच्या पाण्यासारखं. लोटा टेबलावरून सुटला, वर चालला. म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरा, नखात अडकलेली पाटाची माती, मिशीचा पांढरा काठ. त्याच हातांनी तिला पाण्यावर धरलं होतं. मग तिचा हात पुढे गेला आणि लोटा जमिनीवर पडून फुटला.

"ते पिऊ नका पाद्रिनो! पाण्यात विष आहे."

आईने छातीवर क्रूस केला. लिब्रादो तसाच, हात वर धरून, बसून राहिला.

मग तिने सगळं सांगितलं. खड्डा, द्राव, बाटल्या, नकाशावरचा ढग. तोंडी. सांगता सांगता तिला नोकरी गेल्याचं स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचं आता काही वाटत नव्हतं.

लिब्रादोने शेवटपर्यंत ऐकलं. "पण चव तर तीच आहे," तो म्हणाला.

"एवढ्या थोड्यात त्याला चव नसते."

"वास?"

"नाही."

"पाहिलंय कोणी?"

"दिसत नाही, पाद्रिनो."

"देवासारखंच म्हणायचं." तो वाकून फुटक्या खापऱ्या गोळा करू लागला. "तुला कधी कळलं?"

"लेंटमध्ये."

यावर तो काही बोलला नाही. लेंटपासून त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या सकाळी, कठड्यावरचा तो लोटा, गाडीच्या काचेतून हललेला तिचा हात, हे सगळं त्या न बोलण्यात होतं. डेल्फिना रडू लागली. आई पुसायचं फडकं हातात घेऊन उभी होती आणि काय पुसावं हे तिला कळत नव्हतं.

"रडू नकोस," लिब्रादो शेवटी म्हणाला. "आणि हे बाहेर कोणाला सांगू नकोस."

"सांगायलाच हवं! उद्या सगळे पितील ते."

"ऐक. गोड पाण्यात न दिसणारं विष आहे, असं तू सांगशील. कोण ऐकेल? चानो? मागे सरकारी माणूस पाण्यात औषध टाकायला आला तर त्याच्यावर याने कुत्रं सोडलं होतं. चार जण ऐकतील, बाकीचे तुला दाखवायला म्हणून जास्त पितील. आणि तुझी नोकरी जाईल ती जाईलच. मग डोंगरापलीकडे आपलं माणूस कोण? आणखी काय काय ओतलंय त्यांनी, ते कोण बघणार?"

"मग करायचं काय?"

लिब्रादोने टोपी डोक्यावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हसल्यासारखं आलं. "विषावर या गावाचा विश्वास नाही, मिहा. वैरावर आहे."

तो घराबाहेर पडला, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "प्रोवेन्सियोंनी माझं पाणी नाकारलं! ठीक आहे! विहीर माझ्या ताब्यात आहे. हे वैर मिटेपर्यंत या विहिरीचं पाणी ते पिणार नाहीत, मी पिणार नाही, आणि कोणीच पिणार नाही!"

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाड फळ्या ठोकलेल्या होत्या. त्यावर कुलूप होतं. कुलपावर क्रूस होता, म्हणजे फोडायची सोय नाही.

गाव भडकलं, पण गोंधळलं नाही. वैर ही समजणारी गोष्ट होती. जुन्या माणसांनी असं पूर्वीही झाल्याचे दाखले दिले, बहुतेक तिथल्या तिथे तयार केलेले. पाटाच्या मुखाशी डोंगरात झरा होता. लोक गाड्यांत पिंपं टाकून तिथून पाणी आणू लागले. ही यातायात कोणामुळे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रोवेन्सियोंच्या घरावरून जाताना प्रत्येक गाडी भोंगा वाजवी.

"तुझ्या फुग्यांनी पाणी नाही का गं आणता येत?" चानो गाडीतून ओरडे.

पडताळणी चालू राहिली. बाटल्या दुसऱ्या राज्यात गेल्या, एका उन्हाळ्यात हरवल्या, पुन्हा भरल्या गेल्या. समिती बसली, उठली, पुन्हा बसली. वर्षं जात राहिली, वाळूच्या टेकड्या पुढे सरकत राहिल्या, आणि जमिनीखालचा ढगही. डेल्फिनाला मधल्या काळात एक नवं काम मिळालं, अवकाशयानातल्या पिण्याच्या पाण्याचं. वर गेलेल्या माणसांच्या घामाची आणि श्वासाची वाफ गोळा करून, कोळशातून गाळून, पुन्हा प्यायला द्यायची. पहिलं पाणी तयार झालं तेव्हा ते आधी कोण पिणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. डेल्फिनाने पेला उचलला आणि पिऊन टाकला. त्याला कसलीच चव नव्हती. डोळे मिटून तिला वाटलं, हे पाणी आता वर जाईल, फुगे जिथे नाहीसे होतात त्याच्याही वर, आणि कोणीतरी परकं माणूस, खिडकीतून खाली पृथ्वीकडे बघत, कशाचीही शंका न घेता ते पिईल.

वैराचे नियम कडक होते. लिब्रादो समोरून आला की एकाने रस्ता ओलांडायचा. चर्चमध्ये त्याचं घर डाव्या बाकांवर, हिचं उजव्या. नाव घ्यायचं नाही, सणाला एकमेकांकडे जायचं नाही, आणि हे सगळं लोकांना दिसेल असं पाळायचं, कारण वैर मिटल्याची नुसती कुजबुज झाली असती तरी चानोने त्याच दिवशी फळ्या उखडल्या असत्या. कुठल्याशा आडबाजूला भेटावं असं डेल्फिनाच्या मनात फार येई. पण बेरेंदोत आडबाजू नाही. मात्र दर गुरुवारी सकाळी प्रोवेन्सियोंच्या मिरचीत पाटाचं पाणी आलेलं असे, काठोकाठ. बांधावर कोणी नसे. ओल्या मातीत जुन्या बुटांचे ठसे तेवढे असत.

"वैरी म्हणवतोस नि पाणी सोडतोस?" चानोने लिब्रादोला विचारलं होतं म्हणे.

"वैर माणसांशी आहे. मिरचीने माझं काय केलंय?"

एका हिवाळ्यात लिब्रादो वारला. डॉक्टरांनी हृदय असं लिहिलं. ते खरं होतं की नाही हे डेल्फिनाने स्वतःला रोज विचारलं, आणि या एका बाबतीत तिच्याकडे तपासायला बाटली नव्हती.

पुढच्या वसंतात पडताळणी पूर्ण झाली. व्हिटलो दोन अधिकाऱ्यांसह गावात आला आणि चर्चच्या मागच्या खोलीत त्याने सांगितलं की विहिरीच्या पाण्यात काही काळापासून दूषित घटक आहेत, ते पिऊ नये, नवा नळ येईल. गावाने शांतपणे ऐकलं.

"आम्ही पीतच नाही," चानो म्हणाला. "आमच्यात वैर आहे."

कचेरीने त्या वर्षीच्या समारंभात डेल्फिनाला पितळेची पाटी दिली. तिच्यावर कोरलं होतं की सदर कर्मचाऱ्याने स्थानिक जनतेशी दीर्घकाळ सलोख्याचे संबंध राखले, आणि त्यामुळे बाधित कालावधीत पेयजलाचा वापर आपोआप बंद राहण्यास बहुमोल साहाय्य झाले.

आधीच्या हिवाळ्यात लिब्रादो कारेहोच्या शवपेटीला खांदा द्यायला आणि दफनानंतरच्या जेवणाला सबंध गाव होतं. प्रोवेन्सियोंच्या घरी कोणी बोलावणं केलं नव्हतं.